पुण्याहून पुनोला

गुरुवार

सोसायटीत कुणालाही "पुनोला चाललोय" म्हटलं की समोरचा "पुण्याला" असं ऐकायचा आणि काळजीनं माझ्याकडे बघायचा, कारण मी राहतो पुण्यातच. "अहो, पेरूमधलं पुनो" असा खुलासा केला की गाडी फळावर घसरायची. शेवटी "दक्षिण अमेरिकेत, एका मोठ्या तळ्याकाठी" एवढंच सांगून मी सुटका करून घ्यायला लागलो.

कुस्को ते पुनो हे अंतर जवळजवळ ३९० किलोमीटर. बस सकाळी सातला सुटली. तीन दिवस कुस्कोत, म्हणजे ३,४०० मीटर उंचीवर काढल्यामुळे आपल्याला आता विरळ हवा चालते, अशा भ्रमात मी होतो. वाटेत ला राया नावाची खिंड लागते, उंची ४,३३५ मीटर. फोटोसाठी उतरलो, चार पावलं झपझप टाकली आणि बसच्या पायरीवर येऊन बसलो. बायको खाली अल्पाकाच्या लोकरीच्या शालींचा भाव करत होती. तिला काही होत नाही.

खिंडीनंतर झाडं संपतात आणि आल्तिप्लानो हे पठार सुरू होतं. पिवळं गवत, मातीच्या विटांची घरं आणि कौलांवर मातीच्या बैलांची जोडी. हे पुकारा गावचे बैल. घर सुखरूप राहावं म्हणून ते छपरावर बसवतात. गंमत म्हणजे बैल हा प्राणी स्पॅनिश लोकांबरोबर इथं आला, आणि आज घराची राखण तोच करतो.

हुलियाका हे पुनोच्या आधीचं मोठं शहर. गिलावा न केलेल्या विटांच्या इमारती, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, रिक्षांची गर्दी. ९ जानेवारी २०२३ ला इथं विमानतळाजवळ सरकारविरोधी निदर्शनं झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका दिवसात किमान १७ माणसं गेली. बसमधल्या गाइडने हे सांगताना आवाज खाली आणला नाही. सगळे ऐकत होते.

मग एक चढ, एक वळण, आणि खाली तितिकाका. पाण्याची पातळीच ३,८१२ मीटरवर. क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर, अर्धं पेरूचं, अर्धं बोलिव्हियाचं. पंचवीसेक नद्या येऊन मिळतात, बाहेर पडते एकच, आणि तीही थोडंसंच पाणी नेते. बाकीचं ऊन आणि वारा उडवून नेतात. हे आकडे मी घरी पाठ केले होते. वळणावर त्यांचा काही उपयोग झाला नाही.

हॉटेलने आमची खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. नाव घेत नाही. कांदेलारिया देवीच्या सणाच्या आठवड्यात पुनोत खोली मिळणं म्हणजे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळण्यासारखं. तासाभराच्या बोलाचालीनंतर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याखालची वाटावी अशी एक खोली मिळाली. लिफ्ट नाही. वर पोचलो तेव्हा डोकं घणाणत होतं. मालकीणबाईंनी न विचारता कोकाच्या पानांचा चहा आणून ठेवला. चव साधारण गवती चहात पालापाचोळा उकळल्यासारखी. पण उतार पडला, हे कबूल करायला हवं.

शुक्रवार

आजचा दिवस गावाचा.

चौकातलं कॅथेड्रल १७५७ सालचं. कारागीर सिमोन दे आस्तो. दर्शनी भिंतीवरचं कोरीवकाम बघत आम्ही अर्धा तास उन्हात उभे होतो. संत आहेत, फुलं-फळं आहेत आणि चक्क चारांगो वाजवणाऱ्या मत्स्यकन्या आहेत. चारांगो हे इथलं छोटं तंतुवाद्य. चर्चच्या दारावर तळ्यातली बाई वाद्य घेऊन बसवताना पाद्र्यांनी काय विचार केला असेल कोण जाणे. आत गेलात तर मात्र निराशा होईल, इतकं सगळं साधं.

या गावाचा जन्म एका भांडणातून झाला. सतराव्या शतकाच्या मध्याला जवळच्या लायकाकोता डोंगरात साल्सेदो बंधूंना चांदी सापडली. हे अँडलुशियाचे, म्हणजे दक्षिण स्पेनचे. चांदी दिसताच बास्क प्रांतातले स्पॅनिश लोक आले, आणि दोन गटांत तलवारी निघाल्या. प्रकरण इतकं चिघळलं की १६६८ साली खुद्द व्हाइसरॉय, लेमोसचा काउंट, लिमाहून इथवर आला. त्याने होसे साल्सेदोला मृत्युदंड दिला, खाणीजवळची वस्ती जमीनदोस्त केली आणि तिथल्या लोकांना पुनोत हलवलं. नाव ठेवलं सान कार्लोस दे पुनो, राजा कार्लोस दुसरा याच्या मानार्थ. तारीख ४ नोव्हेंबर १६६८. खाणीचं पुढे काय झालं? लोक सांगतात की साल्सेदोवर जीव असलेल्या इथल्या एका मुलीच्या आईने सूड म्हणून तळ्याचं पाणी खाणीत सोडलं. चांदी बुडाली ती बुडालीच.

आणि ५ नोव्हेंबरला? त्या दिवशी मांको कापाक आणि मामा ओक्यो हे पहिले इंका नवरा-बायको तितिकाकाच्या पाण्यातून वर येतात. दरवर्षी नावेतून येतात, राजवस्त्रं घालून, बंदरावर हजारो लोकांसमोर. म्हणजे काल स्पॅनिशांनी गाव वसवलं आणि आज इंकांचं मूळ इथलंच. दोन्ही सोहळे एकाच आठवड्यात, एकाच गावात. वाहसापाताच्या टेकडीवर मांको कापाकचा पुतळा आहे. तिथून सगळं शहर वाडग्यासारखं दिसतं, कडेला डोंगर आणि तळाशी पाणी. चढायला मला चार वेळा बसावं लागलं. खाली उतरताना देउस्तुआ कमान लागली, १८४७ ची, हुनिन आणि आयाकुचोच्या स्वातंत्र्यलढायांत पडलेल्यांसाठी बांधलेली. त्या सावलीत तीन शाळकरी मुलं आइस्क्रीम खात होती.

दुपारी यावारी ही जुनी आगबोट पाहिली, काठावरून. हिच्यासाठी मी घरून निघालो होतो असं म्हटलं तरी चालेल. पेरूच्या सरकारने १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दोन लोखंडी गनबोटी बनवायला टाकल्या, तितिकाकासाठी. समुद्रापासून तळं पावणेचार किलोमीटर उंच. मध्ये वाळवंट आणि अँडीज. मग जहाज सुटं केलं. २,७६६ तुकडे, प्रत्येक तुकडा खेचराच्या पाठीवर मावेल असा. १८६२ मध्ये माल आरिका बंदरात उतरला. ठेकेदाराने काम अर्ध्यावर टाकलं आणि जहाजाचे तुकडे वाटभर विखुरले. ते शोधून, गोळा करून पुनोत आणायला सहा वर्षं लागली. १८७० च्या नाताळच्या दिवशी यावारी पाण्यात उतरली. आणि १८७४ मध्ये आगगाडी पुनोत पोचली! नंतरची जहाजं आरामात डब्यातून आली. खेचरवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघालं असेल, ते छापण्यासारखं नसावं.

कोळसा इथं नाही, लाकूड नाही. म्हणून यावारीच्या बॉयलरमध्ये लामाच्या वाळलेल्या लेंड्या जाळायचे. बायको म्हणाली, "म्हणजे गोवऱ्याच की." गोवऱ्यांवर चालणारी ब्रिटिश बनावटीची आगबोट. १९१४ च्या सुमारास तिला तेलाचं इंजिन बसवलं, तेव्हा कुठे लेंड्या थांबल्या.

संध्याकाळी हॉटेलकडे येताना एका गल्लीत तालीम चालली होती. वीस-पंचवीस माणसं गोल करून सिकु फुंकत होती. सिकु म्हणजे वेताच्या, तळाशी बंद नळ्यांची बासरी, लहान-मोठ्या नळ्या एका ओळीत बांधलेल्या. ऐकताना स्वर अखंड येत होता, पण बघताना काहीतरी चुकत होतं: अर्धी माणसं फुंकत तेव्हा अर्धी गप्प, आणि उलट. विश्रांतीत मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. एका म्हाताऱ्याने स्वतःचा सिकु माझ्या हातात दिला, सहा नळ्यांचा. "ही इरा." शेजारच्याचा दाखवला, सात नळ्यांचा. "ती आर्का." सप्तकातले सूर दोघांत एकाआड एक वाटलेले. इरावाल्याकडे सा असेल तर रे आर्कावाल्याकडे. एकट्याला कुठलीच चाल वाजवता येत नाही. कितीही रियाज करा, निम्मे सूर दुसऱ्याच्या हातात.

मी त्याला म्हटलं, दोन्ही ओळी एकत्र बांधून एकट्यानेच वाजवल्या तर? म्हातारा हसला आणि शेजाऱ्याला आयमारात, म्हणजे इथल्या भाषेत, काहीतरी म्हणाला. शेजारीही हसला. भाषांतर कुणी केलं नाही.

शनिवार

सकाळी नाव. पुनोच्या बंदरात पाण्यावर हिरवा तवंग आहे. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत येतं. ज्यांना फक्त निळं तळं बघायचंय त्यांनी पहिली वीस मिनिटं डोळे मिटावेत.

मग तोतोराचं रान सुरू होतं. ही लव्हाळ्याच्या जातीची उंच पाणवनस्पती. उरोस लोक हिच्यावरच राहतात, शब्दशः. मुळांचे गठ्ठे पाण्यावर तरंगतात, त्यांना खिली म्हणतात. ते कापून, एकमेकांना बांधून, वर कापलेल्या तोतोराचे थर आडवे-उभे टाकत जायचे. खालचा थर कुजतो, वरून नवा घालतात. पाय टाकला की गादीवर चालल्यासारखं वाटतं. घर तोतोराचं, नाव तोतोराची, आणि कोवळी पांढरी देठं सोलून खायची. मी खाल्ली. काकडीची लांबची बहीण.

यजमानांनी बेटाची छोटी प्रतिकृती करून दाखवली, गाणं म्हटलं, मग विक्रीची चादर पसरली. सगळं ठरल्यासारखं, अठरा मिनिटांत. बरोबरचा एक प्रवासी कुरकुरला की हे नाटक आहे. मला ती तक्रार पटली नाही. त्यांची मूळ उरू भाषा कधीच गेली, आज ते आयमारा बोलतात. मासे कमी झाले, त्यातही बाहेरून आणून सोडलेल्या ट्राउटने मूळ जातींची वाट लावली. बेट टिकवायला दर काही आठवड्यांनी नवा तोतोरा कापावा लागतो. ती मेहनत नाटकाची नाही. बायकोने एक भरतकामाचा तुकडा घेतला आणि घासाघीस केली नाही, हे मी नोंदवून ठेवतो, कारण असं तुळशीबागेत कधी झालेलं नाही.

पुढे अडीच तासांवर ताकिले. हे खरं, दगडाचं बेट. धक्क्यापासून गावापर्यंत पाचशेवर पायऱ्या, त्याबद्दल मी बोलणार नाही. इथं पुरुष विणतात. चालताना, गप्पा मारताना, उभ्याउभ्या, पाच बारीक सुया घेऊन. जी टोपी विणतात ती चुयो: पूर्ण रंगीत नक्षीची असेल तर गडी लग्नाचा, वरचा भाग पांढरा असेल तर अजून सडा. टोपी नीट विणता आली नाही तर मुलीकडचे तोंड वाकडं करतात म्हणे. बायका मागावर कमरपट्टे विणतात आणि त्यांत वर्षाचं पंचांग असतं, पेरणी केव्हा, सण केव्हा. २००५ साली युनेस्कोने या विणकामाला मानवी वारशाचा मान दिला. माझ्याकडे बघून एका आजोबांनी बायकोला खुणेनं विचारलं, हा विणतो का? तिने दिलेलं उत्तर सगळ्यांना कळलं.

परतताना पाऊस आणि गारा. फेब्रुवारी म्हणजे इथला पावसाळा.

रविवार

आज स्टेडियममध्ये नाचांची स्पर्धा. तिकिटं मिळाली नाहीत. पर्याय म्हणून हुलीला गेलो, दक्षिणेला ऐंशी किलोमीटर, तळ्याच्या काठाकाठाने, दहाजणांच्या गाडीत चौदाजण. ड्रायव्हरने रेडिओवर स्पर्धेचं धावतं समालोचन लावलं होतं. नाचाचं समालोचन रेडिओवर! आणि गाडीतले सगळे गुण मिळाले की टाळ्या वाजवत होते.

हुली हे आज झोपाळू गाव, पण चार मोठी चर्चेस अंगावर येतात. सांता क्रूझचं छप्पर कोसळलंय, आत गवत. सान हुआनमध्ये आता संग्रहालय आहे. १५७६ मध्ये जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या एका संघाचे पाद्री, इथं आले आणि १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना हाकलेपर्यंत राहिले. त्यांच्यातला लुदोविको बेर्तोनिओ हा इटालियन पाद्री आयमारा शिकला आणि त्याने या भाषेचा मोठा शब्दकोश केला. १६१२ चा.

१६१२ हा आकडा वाचला आणि मी थबकलो. गोव्यात रायतूरला, त्याच जेझुइट संघाचा फादर स्टीफन्स हा इंग्रज मराठीत ओव्या रचत होता; त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ साली. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. एक अँडीजवर थंडीत आयमाराचे शब्द टिपतोय, दुसरा मांडवी-झुवारीच्या मुलखात मराठीच्या प्रेमात पडलाय. हेतू दोघांचाही धर्म बदलण्याचा, यात शंका नाही. पण त्या हेतूपायी परक्या भाषेत इतकं खोल जावं लागलं की मागे उरली ती भाषाच. संग्रहालयाच्या राखणदाराला मी हे सांगायचा प्रयत्न केला. त्याने विचारलं, "मराठी किती लोक बोलतात?" आठ कोटींहून जास्त, म्हटलं. त्याने शिट्टी वाजवली.

जेवायला चौकात चाइरो, मटण-भाज्यांचं रस्सेदार सूप, त्यात काळे सुरकुतलेले गोळे. हे चुन्यो, म्हणजे वाळवलेले बटाटे. आपण वाळवणं घालतो उन्हाळ्यात. हे घालतात जून-जुलैच्या हिवात. रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा उन्हात टाकायचे, मग पायांनी तुडवून पाणी काढायचं. वर्षानुवर्षं टिकतात. बटाट्याचं मूळ घर दक्षिण पेरूच, असं शास्त्रज्ञ सांगतात. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि शब्दही दिला, बटाटा. इथं त्याला पापा म्हणतात. बायकोने एक चुन्यो खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "उपासाला चालेल."

सोमवार

आज रस्त्यावर.

कांदेलारिया म्हणजे मेणबत्त्यांची मेरी. तिचा दिवस २ फेब्रुवारी, पण पुनोला एका दिवसात आटपत नाही. आठ-दहा दिवस चालतं. पहिल्या रविवारी खेड्यापाड्यांतले पारंपरिक नाच, दुसऱ्या रविवारी झगमगीत पोशाखांचे, आणि मग सोमवारी ते सगळे पथकं घेऊन रस्त्यावर येतात, देवीसमोरून नाचत जायला. २०१४ साली युनेस्कोने या उत्सवाला यादीत घेतलं. पुनोला तर पेरूच्या संसदेने १९८५ मध्येच लोककलांची राजधानी म्हणून जाहीर केलं होतं.

देवीबद्दल एक कथा आहे. १७८१ मध्ये तुपाक कातारी या आयमारा नेत्याच्या बंडखोरांनी पुनोला वेढा घातला, तेव्हा लोकांनी हिची मूर्ती रात्री मिरवणुकीने फिरवली. मेणबत्त्या आणि शस्त्रांची चकाकी बघून बंडवाल्यांना वाटलं कुमक आली, आणि ते निघून गेले. गोष्ट इथं थांबते. इतिहास थांबत नाही: त्याच मे महिन्यात स्पॅनिश फौजेला गाव सोडून कुस्कोकडे जावं लागलं. देवी त्या वेळी कोणाच्या बाजूने होती, हे मी विचारलं नाही. आज तिच्यापुढे नाचणाऱ्यांत वेढा घालणाऱ्यांचे वंशज असणार, आणि पुष्कळांना ती मेरी म्हणजे त्यांची पाचामामा, भूमाता.

सकाळी नऊला पहिलं पथक. आम्ही पिनो चौकाजवळ फूटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्याने घेऊन बसलो. शेजारी एक मावशी, पाच घागरे एकावर एक, गोल टोपी तिरकी, आणि बियरची बाटली. पहिला घोट त्यांनी जमिनीवर ओतला. पाचामामाचा.

मोरेनादा हा नाच आला तेव्हा आधी आवाज आला, करकर, करकर. हातात मात्राका, खेळण्यातल्या करकरीसारखी. ढोलाच्या आकाराचे जड, मण्यांनी मढवलेले पोशाख, आणि काळे, ओठ सुजलेले, डोळे बटबटीत मुखवटे. खाणींसाठी आणलेल्या आफ्रिकी गुलामांची ही आठवण. जड पाय साखळीमुळे, असं शेजारच्या मावशींनी सांगितलं. शेकडो माणसं, त्या वजनाखाली, या उंचीवर, डावीकडे झुलतात आणि उजवीकडे झुलतात. मला नुसतं बसून धाप लागत होती.

दियाब्लादा म्हणजे सैतानांचा नाच. शिंगं, मुखवट्यावर साप, पुढे तलवार उपसलेला देवदूत मायकेल. हा नाच कुणाचा यावर पेरू आणि बोलिव्हियाचं जुनं भांडण आहे. बोलिव्हियाचं म्हणणं, त्यांच्या ओरुरो शहराचा. पुनोकर म्हणतात, आमच्या हुलीचा: तिथल्या जेझुइटांनी सात पापं शिकवायला सैतान नाचवले. २००९ मध्ये पेरूच्या सुंदरीने विश्वसुंदरी स्पर्धेत हा पोशाख घातला तेव्हा बोलिव्हियाच्या सरकारने निषेध नोंदवला होता. कालची ती गवत उगवलेली भिंत आठवून मी पुनोच्या बाजूने मान डोलावली. मावशी खूश. अर्थात ओरुरोत खुर्ची भाड्याने घेतली असती तर तिकडेही डोलावली असती.

दुपारी गारांची सर आली. एकही पथक थांबलं नाही. पितळी बँडवाल्यांनी ट्यूबा उलटी करून पाणी काढलं आणि पुढचा सूर लावला.

आणि मग, चार वाजता, पितळ मागे पडून सिकुवाले आले. ना सोनं, ना आरसे. पोंचो, टोपी, मोठा ढोल. परवाच्या गल्लीतला म्हातारा दुसऱ्या ओळीत. ओळी समोरासमोर, चालता चालता गोल होतात, सुटतात. एक फुंकतो, समोरचा उचलतो. श्वास घ्यायला वेळ मिळतो तो दुसरा फुंकत असताना, हे तेव्हा कळलं. या हवेत दिवसभर वाजवायचं तर दुसरं जमणारच नाही. म्हातारा का हसला होता तेही कळलं.

मंगळवार

विमान हुलियाकाहून दुपारी. सकाळी बाजारात सिकु घेतला, इरा आणि आर्का दोन्ही. दुकानदाराने सुतळीने एकत्र बांधून दिले. रस्ते झाडणाऱ्या बायका गारांत भिजलेली पिसं आणि मणी गोळा करत होत्या.

विमानतळावर दोन तास हातात होते. सुतळी सोडली. सहा नळ्या माझ्याकडे, सात तिच्याकडे. "सारे जहाँ से अच्छा" बसवायचा प्रयत्न केला. पहिला सूर माझा होता. फुंकला, दुसरा यायची वाट पाहिली. आलाच नाही. बघतो तर बायको पर्समध्ये पासपोर्ट शोधत होती.

"अगं, तुझा सूर!"

"थांबा हो जरा," ती म्हणाली, "तोवर तुम्ही श्वास घ्या."